भिंतीखालचा आड

आमच्या घराचा आड अर्धा घरात होता आणि अर्धा गल्लीत. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, म्हणून आधी नीट सांगते. पाथर्डीच्या बाजूला आमचं गाव. घराचं जोतं काळ्या दगडाचं, त्यावर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, आत सागवानी खांब, वर मातीचं माळवद. पूर्वेची भिंत मात्र थेट आडावरून गेलेली. आडाच्या तोंडावर दगडी कमान टाकलेली आणि त्या कमानीवर भिंत उभी. आम्ही आतून पोहरा सोडायचो, गल्लीतल्या बायका बाहेरून. पाणी एकच.

घर बांधणाऱ्या पूर्वजाने हे मुद्दाम केलं, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगत. कुठल्याशा जुन्या दुष्काळात गावाच्या हाताला काम मिळावं म्हणून त्याने हे घर बांधायला काढलं. आडाला पाणी लागलं, तेव्हा ते एकट्याच्या चौकात कोंडायला त्याचं मन धजेना. अप्पा गावच्या शाळेत मास्तर. आल्यागेल्याला कमान दाखवताना त्यांचा आवाज वर्गात चढावा तसा चढायचा. कित्येक वर्षं खेटे घालून त्यांनी घर सरकारकडून संरक्षित करून घेतलं होतं. दारावर निळी पाटी लागली त्या दिवशी आईने शिरा केला.

मला त्या कमानीचं फारसं कौतुक नव्हतं. मला आवडायचं ते आडातून येणारं बोलणं. शेजारी एक शेतकरी काका राहायचे. त्यांची बायको पलीकडून पोहरा सोडायची, आई अलीकडून, आणि दोघी एकमेकींचं तोंड न बघता बोलत राहायच्या. सासूची गाऱ्हाणी, कालवणातलं मीठ, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, सगळं पाण्यावरून घुमत वर यायचं. लपून ऐकायची गरजच नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात हा आड पहिल्यांदा तळाला गेला. सकाळी चार घागरी गढूळ पाणी निघायचं आणि त्यावरून गल्लीत भांडणं. एका संध्याकाळी काका आमच्या सोप्यावर येऊन बसले. ते आणि अप्पा एकाच वर्गात शिकलेले, पण ते अप्पांना मास्तरच म्हणत.

"मास्तर, खाली खडक हाय. दोन सुरुंग उडवले तर झरा मोकळा हुईल. सुरुंगवाल्याला मी इचारलंय."

"आणि कमान?"

"तिचं काय सांगावं? ऱ्हाईल, न्हाईतर जाईल."

"कमान गेली की भिंत गेली. भिंत गेली की माळवद खाली येईल. अरे, ही संरक्षित वास्तू आहे. मला हात लावता येत नाही."

"मग परवानगी मागा की."

"मिळायची नाही."

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली आणि ते उठले.

अप्पांनी परवानगी मागितलीच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आईलाही. मागितली असती तर कदाचित मिळालीही असती. पण अप्पांना ती पाटी आडवी यायला हवी होती. कमान त्यांना पोटच्या पोरीसारखी होती, आणि खरी पोटची पोर भर उन्हात टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी होती. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आजही येतो. माणूस गेलं म्हणून राग जातोच असं नाही.

काका काही दिवस दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मग बैल मिळेल त्या भावाने विकून त्यांनी बिऱ्हाड कोल्हारकडे हलवलं, नदीकाठच्या कुणा पाहुण्याच्या मळ्यात. निघताना काकूने बाहेरून आडात वाकून हाक मारली, "येती वो वैनी." आईने आतून "या" म्हटलं आणि ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. त्यांच्यामागून गल्लीतली घरं एकेक करून बंद झाली. आई सवयीने पोहरा सोडायची, तो दगडावर आपटायचा आणि ती तो वर ओढून घ्यायची. मला वाटायचं, आता असेच आपणही उठून जाणार, आणि हे घर मात्र पाटी लावून इथेच उभं राहणार.

तेही झालं नाही. भिंत सुरुंगाशिवायच गेली.

जोत्याखाली काळी माती. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, त्या घराखाली पडणार नाहीत असं अप्पांनी कशाच्या जोरावर धरलं होतं? आडाच्या ओलीवर ती जमीन इतकी वर्षं टिकून होती. ओल गेली, जमीन आकसली, जोतं खचलं. दुपारी आम्ही जेवत होतो आणि ताटात वरून माती पडली. बघतो तर पूर्वेची भिंत माळवदापासून खालपर्यंत उभी फाटलेली. कमानीचा मधला दगड निखळून आडात पडला. पाण्याचा आवाज झाला नाही.

अप्पा उष्ट्या हातानेच कितीतरी वेळ आडापाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन एसटीने कोल्हारला गेले. काका उसाला पाणी देत दारं धरत होते. अप्पा बांधावरूनच म्हणाले, "सुरुंगवाल्याला बोलव. आता कमानीचं भय नाही. परवानगीचं मी बघतो."

काकांनी हातातलं खोरं पाटाच्या कडेला रोवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, गल्लीत कोन हाय आता?"

अप्पा बांधावरून खाली उतरले.

"झरा फुटला तरी पानी भरायचं कुनी?"

काकूने मळ्यातल्या खोपीत आम्हाला घोंगडी टाकून दिली आणि तांब्या भरून आणला. पाणी थंड होतं, तांब्याला बाहेरून घाम आला होता. अप्पांनी तो हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि तसाच खाली ठेवला. सबंध दिवसाचं ऊन अंगावर घेऊन आलेला माणूस, पण त्यांनी तो ओठाला लावला नाही.

तो तांब्या मी उचलला आणि त्यांच्यासमोर सगळा प्यायले.