पट्टेवाल्या मावशीचा आकडा

३ फेब्रुवारीला सहा हजार तीनशे रुपये ठरले. दिवसाला नऊशे, सात दिवस. कापडदुकानवाल्या बाईंनी पोटाची लोंबती कातडी काढून घेतली होती. त्यांना दाबपट्टा बांधायचा, हलक्या हाताने मालिश करायची आणि टाक्यांजवळच्या नळीतून बाटलीत उतरलेलं पाणी मोजून वहीत लिहायचं, हे मावशीचं काम. आकडा सलग दोन दिवस तीस मिलीलिटरच्या खाली आला, की डॉक्टर नळी काढत. मावशीचा आकडा ते कधी पडताळून पाहत नसत. एकोणीस वर्षं या विश्वासावरच ते तिच्याकडे पेशंट पाठवत आणि तिची चूल पेटे.

पाचव्या दिवशी सत्तर भरले.

"वीस लिहा," बाई म्हणाल्या. "परवा भाचीचं लग्न आहे. ही शेपटी लोंबवत जाऊ?"

"पाणी आत साठलं तर सडेल, बाई."

"सडलं तर माझं पोट सडेल. तुमचं काय जातंय?"

"माझा शब्द जातो."

"मग शब्दच शिजवून घाला तुमच्या सुनेला! सोमवारपासून गल्ल्यावर बसवणार होते तिला. राहू दे?"

सून दोन वर्षं नोकरीसाठी चपला झिजवत होती. मावशीने वीस लिहिले. दुसऱ्या दिवशी अठरा. नळी निघाली. बाई अंगाला चोपून बसणारा पोशाख घालून लग्नात मिरवल्या. सोमवारी सून गल्ल्यावर बसली.

गुरुवारी बाईंचं पोट ढोलासारखं फुगलं, अंग तापाने फणफणलं. टाके उसवून आतला पू काढावा लागला.

"अक्षर त्यांचंच आहे," बाई खाटेवरून डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टरांनी वही पुढे धरली. "मावशी, हे खरं मोजलं होतं?"

मावशीने बाईंकडे पाहिलं. बाई नखं न्याहाळत होत्या. खरं बोलावं तर सुनेचा गल्ला जाणार.

"मोजलं होतं. डोळ्यांनी दगा दिला असेल."

"मग आता घरी बसा," म्हणत डॉक्टरांनी वही खणात टाकली.

त्याच संध्याकाळी सून घरी परतली. बाईंनी फोनवरून तिला काढलं होतं: "सासूला वीस आणि सत्तर कळत नाहीत, सुनेला गल्ल्यावर कशी बसवू?"

सहा दिवसांचे पैसे मिळाले. सातव्या दिवसाचे नऊशे रुपये बाईंकडून यायचे आहेत.