स्वॅप मीच बंद केला होता

गावंडेकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी वाडीच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरपुढेच बसले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. वॉचमन दारातच थबकला आणि म्हणाला, "ताई, आपले काका गेले नं... सकाळी चहा पिता पिता." मी विचारलं, "कोणते काका?" उगाच विचारलं. आमच्याकडे काका एकच होते. त्याला आता पाच आठवडे झाले. या दिवसांत त्यांच्याविषयी चांगलं बोलणारी माणसं मी खूप ऐकली, आणि दर वेळी मान खाली घालून ऐकली. मलाही चांगलंच लिहायचं आहे. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी त्यांना चार वर्षं सांगितली नाही.

आमचं ऑफिस ट्रान्सपोर्टचं. पुढे फलाट, त्याला पाठ लावून उभे ट्रक, मागे मोठं गोडाऊन, आणि मधल्या दोन खोल्यांत बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडणारे आम्ही. बिल्टीशिवाय गाडी हलत नाही, आणि बिल्टी निघते ती एका जुन्यापुराण्या सर्व्हरवरून. काका मौद्याकडचे. घरची धानाची शेती भावांनी सांभाळली आणि हे इथे नग मोजायला लागले. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला सगळे घाबरत होते, म्हणून काकांनी लावला. तेव्हापासून तो त्यांच्याच गळ्यात पडला. शिकवायला कोणी नव्हतं. पडत-धडपडत शिकले, आणि असे शिकले की मी डिप्लोमा घेऊन प्रताप नगरहून स्कूटीवर रुबाबात आले तेव्हा माझी पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली.

त्यांना सुपारी-तंबाखूचा खर्रा लागायचा. पण तोंडात खर्रा घेऊन ते सर्व्हरच्या खोलीत कधी आले नाहीत. बाहेर चूळ भरायची, रुमालानं हात पुसायचे, मग आत. मी एकदा हसले तर म्हणाले, "हसून काहून राहिली वं? याच्यावर दीडशे गाड्या चालतात."

मला स्वॅप त्यांनी पुस्तकातून नाही, फलाटावर उभं करून शिकवला. "हा फलाट म्हणजे मशीनची मेमरी. आज जाणारा माल इथं. चार दिवस न जाणारा मागच्या गोडाऊनात. ते मागचं गोडाऊन म्हणजे स्वॅप, हार्ड डिस्कवरची राखून ठेवलेली जागा. आता मले सांग, हमाल दिवसभर मालच आतबाहेर करत राहिले, तं गाडी कवा भरन?" मी म्हटलं, नाही भरणार. "मंग तेच. मशीन हळू झाली म्हणजे हमाल फुकटचे पळून राहिले." माल किती लवकर मागे टाकायचा याचा एक आकडा मशीनमध्ये असतो. तो त्यांनी साठावरून दहावर आणून ठेवला होता. महिन्याकाठी किती जागा भरते ते बघायचे आणि वहीत लिहायचे. मला ते सगळं रिकामपणचे उद्योग वाटायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी मी, दुसरं काय!

तरीही दुपारी मशीन रेंगाळायचीच. माणसं वैतागायची. मी नेटवर कुठेतरी वाचलं की स्वॅप बंद केला की मशीन पळते. काकांना विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत समजावलं असतं. पण विचारायचं नव्हतं, करून दाखवायचं होतं. धानाच्या कापणीसाठी ते तीन दिवस गावी गेले, आणि मी स्वॅप बंद केला. मशीन पुन्हा चालू झाली तरी तो सुरू होऊ नये म्हणून सेटिंगच्या फाइलीतली स्वॅपची ओळ बंद करणारी खूणही तिच्यापुढे करून ठेवली. दोन दिवस मशीन खरंच पळाली. बिल्टीच्या टेबलावरची मंडळी म्हणाली, "मॅडमनं तं कमाल केली!" मी फुलून गेले.

तिसरा दिवस दिवाळीच्या आधीचा सोमवार होता. काका पहाटेच्या गाडीनं परतले आणि सरळ फलाटावर माल बघायला गेले. आत सगळी टेबलं सुरू, त्यात कोणीतरी जुने कागद स्कॅन करायला घेतलेले. मशीनचा फलाट गच्च भरला आणि तिच्या मागच्या गोडाऊनला माझं कुलूप. अशा वेळी मशीन कोणाला विचारत नाही. सगळ्यात जास्त जागा अडवणारा प्रोग्राम उचलते आणि मारून टाकते. तिनं बिल्टीचा प्रोग्राम मारला. त्याच्यासोबत सकाळपासूनच्या बिल्ट्यांची फाइलही बिघडली. बाहेर गाड्यांची रांग अमरावती रोडला लागली, ड्रायव्हर खिडकीवर थापा मारायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काका आत आले. त्यांनी चूळ भरली होती की नाही ते मला आठवत नाही. त्यांनी एक कमांड दिली, पडद्यावर स्वॅपपुढे शून्य दिसलं. त्यांनी ती फाइल उघडली, माझी खूण बघितली... आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं. तेवढ्यात शेठ आले. "गावंडेजी, ये कैसे हुआ?"

मी कामावर लागून सात महिने झाले होते, नोकरी पक्की व्हायची होती. माझ्या आधीच्या मुलाला शेठनं याहून लहान चुकीसाठी घरी पाठवलं होतं. मी मूग गिळून बसले. काका म्हणाले, "माह्याकडून राहून गेलं, शेठ." बस्स, एवढंच. त्यांनी ती खूण काढली, स्वॅप सुरू केला, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी बसून एकेक बिल्टी पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी शेठनं त्यांना गेटच्या रजिस्टरवर बसवलं आणि सर्व्हर माझ्याकडे दिला.

मी दुसऱ्याच दिवशी सांगायला हवं होतं. मग वाटलं, नोकरी पक्की झाली की सांगू. ती झाली. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय... लाज अशी असते, जितकी शिळी होते तितकी जड होते. काका मात्र पूर्वीसारखेच बोलायचे. अडलं की मी गेटवर जायचे, ते आत न येता तिथूनच सांगायचे. एकदा उत्तर देऊन झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "अजून काही सांगाचं आहे का तुले?" मी म्हटलं, "हो काका, खोलीतला एसी बिघडलाय." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "बरं," म्हणाले, "बोलावतो मिस्त्रीले." त्या एका क्षणासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

तेरावं गावी झालं, तिकडे जायचं धाडस मला झालं नाही. मागच्या आठवड्यात कळलं की काकू वाडीची भाड्याची खोली रिकामी करायला आल्या आहेत. ऑफिस सुटल्यावर गेले. काकू काकांचे सदरे घड्या करून पेटीत ठेवत होत्या. मी दारातच उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. स्वॅप मी बंद केला होता, काकांनी स्वतःवर घेतलं, मी चार वर्षं गप्प बसले. सांगता सांगता रडायला आलं.

काकूंचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "मले मालूम आहे, पोरी. त्याच दिवशी सांगतलं त्यायनं. मी लय भांडली. तं म्हणत, तिची नोकरी नवीन आहे, माही जुनी. पोरगी चांगली आहे, एक दिवस स्वतःच सांगन." त्यांनी सदऱ्याची बटणं लावली. "मंग मी रोज विचारो. संध्याकाळी आले का या खाटेवर बसत, मी चहा देओ अन् विचारो, सांगतलं का तिनं? ते म्हणत, आज नाही."

रोज. चार वर्षं रोज त्या खाटेवर बसून ते माझ्या बाजूनं एवढंच म्हणत राहिले, आज नाही.

काकूंनी पेटीचं झाकण लावलं, स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. सवयीनं तीन कप मांडले. त्यातला एक कप उचलून परत ठेवताना त्या मागे वळल्या, रिकाम्या खाटेकडे बघून हळूच म्हणाल्या, "अवो, आयकलं का? सांगतलं तिनं."