रोटातली मूठ

आमच्या घरात माणसं मोजायची रीत वेगळी आहे. श्रावणात आमची खानदेशची देवी कानबाई बसते, तेव्हा तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, गहू आणि हरभऱ्याच्या डाळीचं दळण काढतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने त्यात सव्वा मूठ पडते. बायकांची मूठ नाही. रोट करायचे, भाऊबंदांना वाढायचे ते मात्र आम्हीच. लग्न होऊन पारोळ्याला आल्यापासून मी यावर भांडते आहे आणि सासूबाई ऐकू न आल्याचं सोंग करतात.

त्या श्रावणात माझा नवरा जळगावला दवाखान्यात होता. साध्या तापाचा न्यूमोनिया झाला, फुफ्फुसांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी त्यांना यंत्रावर घेतलं. मांडीतल्या जाड नळीतून काळपट रक्त बाहेर यायचं, यंत्रातल्या कृत्रिम फुफ्फुसातून फिरून लाल व्हायचं आणि मानेतल्या नळीने परत आत जायचं.

यंत्र सांभाळणारी डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची होती. तिला विचारलं, "आता धोका कशाचा?"

"यंत्राचाच," ती म्हणाली. "रक्ताला आपलं-परकं कळतं. बाहेरची नळी लागली की प्लेटलेट चवताळून उठतात. नळीला चिकटतात, एकमेकींना चिकटतात, गुठळी करतात. म्हणून रक्त पातळ ठेवायचं औषध सुरू आहे. ते कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर कुठूनही रक्तस्राव."

म्हणजे सासरी नांदण्यासारखंच. बोललं तरी चूक, गप्प बसलं तरी चूक.

अशा चिकटण्यातच खर्ची पडून नवऱ्याच्या प्लेटलेट कमी झाल्या. ही बातमी फोनवरून पारोळ्याला गेली आणि वाटेत तिचा डेंगू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे धाकटे दीर पपईच्या पानांची गोणी खांद्यावर घेऊन हजर. "वहिनी, बठ्ठा पाला तोडी लई उनू!"

डॉक्टर मुलीने गोणी पाहिली. "भाऊ, मी आत प्लेटलेटना झोपवायला बघतेय आणि तुम्ही गोणीभर आणखी उठवायला आणल्यात?" शिवाय घशात नळी असलेल्या माणसाला पानांचा रस पाजणार कोण? शेवटी दवाखान्यामागच्या शेळ्यांनी पाला फस्त केला. त्यांच्या प्लेटलेटचं काय झालं देव जाणे, पण त्या दिवशी मी पोट धरून हसले. किती दिवसांनी हसले होते!

कानबाईच्या आदल्या दिवशी ती मुलगी नेहमीप्रमाणे टॉर्च मारून यंत्र तपासत होती. एका जागी तिचा हात थांबला. कृत्रिम फुफ्फुसाच्या कडेला काळे ठिपके धरले होते.

"गुठळ्या. हे लगेच बदलायला हवं," ती म्हणाली. "बदलताना थोडा वेळ यंत्र बंद राहील."

तेवढा वेळ ते स्वतःच्या फुफ्फुसांच्या भरवशावर. मी बाहेर येऊन बाकावर बसले. मला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर मरणाची. नेमका तेव्हाच सासूबाईंचा फोन. "मी दयन काढस," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्या काय विचारत होत्या ते मला कळलं. गेलेल्या माणसाची मूठ टाकत नाहीत. मी गुठळ्यांचं सांगितलं, यंत्र बंद ठेवणार तेही सांगितलं. फोनमध्ये गहू परातीत पडल्याचा आवाज आला.

"टाकी दिधी त्यानी मूठ," त्या म्हणाल्या. "आते कानबाई जाणे."

बदललेलं फुफ्फुस चाललं. रक्त पुन्हा लाल धावू लागलं, आणि काही दिवसांत त्यांच्या स्वतःच्या फुफ्फुसांनी काम हाती घेतलं. यंत्र निघालं, घशातली नळीही निघाली.

रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात. घराबाहेर न्यायचे नाहीत, परक्याला द्यायचे नाहीत. आणि सासूबाई पदराखाली डबा घेऊन वॉर्डात उभ्या! मी म्हटलं, "अहो, घराबाहेर?"

"जठे मना आंडोर शे, तठेच मनं घर शे." मुलगा जिथे तिथे घर, असा नवा नियम निघाला.

डॉक्टर मुलीने परवानगी दिली तसा मी रोटाचा तुकडा दुधात कुस्करून नवऱ्याला भरवला. त्यांनी सावकाश गिळला आणि घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य काढलं, "साखर कमी शे." इतर वेळी मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी मी साखर आणायला धावले.

"अक्का, मला नाही का?" परत आले तर डॉक्टर मुलगी सासूबाईंना सहज विचारत होती.

सासूबाईंनी डब्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि रोट मोडून मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "तू परकी नही माय. पुढला साल दयनमां तुनी मूठ टाकसू."

"आणि माझी?" मी फणकारले.

"तुनी बी टाकसू," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लगीन व्हयनं तैपासून मनासंगे भांडी ऱ्हायनी!"

म्हणजे इतकी वर्षं त्यांना सगळं ऐकू येत होतं.