बाबांचा सुधारलेला खेळ

माझ्या नातीने परवा एका व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागावरून घर डोक्यावर घेतलं. पहिला भाग ती सुट्टीभर खेळली होती, जेवणाचं ताटसुद्धा त्याच्यासमोरच. दुसरा येणार, येणार म्हणून कोण वाट बघितली! आणि आला तर लगेच तोंड पाडून बसली. "आजी, चित्रं भारी आहेत, आवाज भारी आहे, सगळं आधीपेक्षा भारी आहे. पण मजाच नाही." मी विचारलं, "का नाही?" तर म्हणते, "का म्हणजे? नाही." असलं उत्तर मला चालत नाही. मजा काय मांजर आहे, न सांगता निघून जायला? कशाने तरी गेली असणार.

हा प्रश्न मला माझ्या लहानपणी, इथे बेंगळूरलाच पडला होता. आमच्या घरात तेव्हा त्यावर रीतसर संशोधन झालं होतं, म्हटलं तरी चालेल.

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. बाबांना इथल्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही सांगलीहून चामराजपेटेत राहायला आलो. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. बाबा सकाळी कारखान्याच्या बसने जायचे ते संध्याकाळी उगवायचे. दिवसभर घरात आई आणि मी. आईला कानडीचं अक्षर कळत नव्हतं. भाजीवाल्याला ती बोटांनी दाखवायची आणि तो देईल ते घ्यायची. सांगलीला जिचं तोंड दिवसभर चालू असायचं, ती बाई इथे नुसती भांडी घासायची, पुसायची आणि पुन्हा घासायची. शेवटी तिने बाबांना सांगून टाकलं, "वर्ष बघते. नाही जमलं तर मी पोरीला घेऊन परत जाणार. तुम्ही या सुट्टीत भेटायला."

ती हे रागाने बोलली असती तर बाबांनी थट्टेवारी नेलं असतं. पण ती शांतपणे बोलली, कणीक मळता मळता. मी घाबरले. बाबाही घाबरले असणार, कारण त्या रविवारी त्यांनी मला एक खेळ करून दिला. बाबांचं असंच होतं. बोलायची वेळ आली की ते काहीतरी करायला घ्यायचे.

खेळ साधा. खोक्याची एक फळी, एका बाजूने वीट लावून उचललेली. फळीवर खिळ्यांचं रान आणि मध्ये मध्ये भोकं. जुन्या कुलपातल्या स्प्रिंगचा एक दट्ट्या होता. तो ओढून सोडला की काचेची गोटी उडून वर जायची आणि खिळ्यांना आपटत, ठेचकाळत खाली यायची. भोकात पडली तर गुण, नाहीतर गेली. घाईत केलेला होता, त्यामुळे भोकं धड गोल नव्हती. काही इतकी अरुंद की गोटी तोंडाशीच अडकून बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर.

मी तो घरापुढच्या ओट्यावर मांडला आणि गल्लीतली पोरं मुंग्यांसारखी जमली. मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, त्यांना माझं. पण गोटी पडली की सगळे एकदम ओरडायचे, त्याला भाषा लागत नाही. आई आतून वैतागली. म्हणाली, "ओरडू नका रे, मी वाजवते!" आणि गोटी पडली की ती स्वयंपाकघरातून उलथन्याने पितळीवर एक ठोका द्यायला लागली. टण्! पोरांना ते असं काही आवडलं की दुसऱ्या दिवसापासून ठोका पडल्याशिवाय गुण धरायचेच नाहीत.

मग पहिलं भांडण झालं. गोटी भोकाच्या तोंडाशी अडकली. पडली की नाही पडली? निम्मी पोरं म्हणे पडली, निम्मी म्हणे नाही. मला कोणीतरी ढकललं, मी "आई!" म्हणून किंचाळले. माझं ऐकून सगळी गल्ली "आई! आई!" करायला लागली. त्यांना वाटलं, निकाल लावणाऱ्या माणसाचं हेच नाव असतं.

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली, वाकली, एक डोळा मिटून बघितलं आणि निकाल दिला, "नाही पडली." मराठीत. पोरं तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात शेजारच्या भिंतीपलीकडून एक बाई उठून आल्या, मांडीवरची अर्धी गुंफलेली फुलं पदरात घेऊन. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. माहेर धारवाडकडचं, त्यामुळे मराठी कळायचं. त्यांनी आईचा निकाल कानडीत सांगितला. गोटी होती त्यांच्या नातवाची. आणि काय आश्चर्य, नातू उड्या मारायला लागला!

आई लबाडी ओळखणार नाही असं होईल? तिला शब्द कळले नाहीत, पण उड्या कळल्या. "अहो, मी नाही म्हटलं!" अक्का निर्विकार. "स्वल्प आत आहे की हो बाई." "स्वल्प म्हणजे?" "थोडी." "थोडी म्हणजे पडली होय?" झालं, जुंपली. आणि भांडता भांडता दोघी अशा हसायला लागल्या की अक्कांची फुलं ओट्यावर सांडली.

त्यानंतर अक्का रोज दुपारी फुलांची परडी घेऊन आमच्या ओट्यावरच बसू लागल्या. आई भाजी बाहेर आणून निवडायची, पितळी शेजारी. अक्का निकाल फिरवतात म्हणून आईने कानडी शिकायचा चंगच बांधला. भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली. सांगलीचं नाव निघेना. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते संध्याकाळी यायचे तेव्हा ओटा रिकामा असायचा, आणि रविवारी ते घरात म्हणून पोरं बिचकून फिरकायची नाहीत. त्यांच्या कानावर एवढंच पडायचं, की पोरं फार येतात आणि आईला दिवसभर उठबस पडते.

तर बाबांनी काय केलं? खेळ सुधारला.

कितीतरी रविवार ते त्यावर बसले होते. आधी कागदावर ड्रॉइंग, मग लाकूड घासणं, मग पॉलिश. भोकं सगळी गोल, कडा आत उतरत्या, गोटीची अडकायची टापच नाही. खिळे पट्टीने मोजून ठोकलेले. आणि खरी करामत खाली होती. गोटी भोकात पडली की तिच्या वजनाने पितळेची पट्टी दबायची आणि बॅटरीवरची घंटा वाजायची. ट्रिंग! बाबांनी आईला बोलावून दाखवलं. "आता तुला स्वयंपाक टाकून उठायला नको." त्यांचा चेहरा असा फुलला होता! त्यांनी इतकं प्रेमाने काही केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "छानच झालाय." जुन्या खेळाचा दट्ट्या नव्याला लावला होता आणि जुनी फळी बंबात गेली होती.

पोरं तुटून पडली. पहिले काही दिवस रांग लागली. घंटा वाजायची, पुढचा यायचा, घंटा वाजायची, पुढचा यायचा. ओरडा नाही, भांडण नाही. आईला कोणी हाक मारेना. अक्का येऊन बसल्या, जरा वेळ बघितलं, फुलं गुंफली आणि उठून गेल्या. मग पोरंही पांगली. कुणी लगोरी, कुणी पतंग. पुढच्या महिन्यात मी ओट्यावर एकटी बसून घंटा वाजवत होते. इतका राग आला होता मला त्या घंटेचा!

बाबांना कोडं पडलं. बिघाड दिसला की कारण शोधायचं, हा त्यांचा धर्मच. त्यांनी मला कामाला लावलं. "नुसतं बघ आणि सांग. तुझं मत नकोय, काय दिसतं ते सांग." मला तर हेच हवं होतं. आम्ही स्प्रिंग सैल करून बघितली. उतार वाढवला, कमी केला. मी म्हटलं, पॉलिशचा वास येतो म्हणून पोरं येत नसतील, तर बाबांनी फळी चार दिवस उन्हात ठेवली. शेवटी त्यांनी आईलाच विचारलं, "तुला काय वाटतं, कमी काय आहे?"

"कमी काही नाही. मला त्यात काम नाही, एवढंच."

"हो ना!" बाबा खूश होऊन म्हणाले. "त्यासाठीच तर केला!"

आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. पुढच्या आठवड्यात तिने माळ्यावरून ट्रंक काढायला लावली. झटकली, पुसली, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यात आपल्या साड्या आणि माझे झगे ठेवायला लागली. मी रडले, तर म्हणाली, "अगं, सुट्टीला जाऊ, मग बघू."

आता ऐका. बेंगळूरची ती बारीक रिपरिप माहीत आहे ना, छत्री उघडावी की नाही ते कळत नाही अशी? तसे दोन-तीन दिवस होते. फळी ओट्यावर पडलेली, तिने ओल धरली असावी. शाळा लवकर सुटली म्हणून अक्कांचा नातू सहज आला आणि त्याने दट्ट्या ओढला. गोटी आपटत आली आणि मधल्या भोकात अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर! लाकूड फुगलं होतं. पण खालची पट्टी मात्र दबली होती, त्यामुळे घंटा सुरू झाली आणि थांबेचना. ट्रर्रर्रर्र! सगळी गल्ली धावली. नातू म्हणे घंटा वाजली म्हणजे पडली. बाकीचे म्हणे दिसत नाही का, बाहेर आहे! आणि मग मी कितीतरी दिवसांत न ऐकलेली हाक आली. "आई!"

आई बाहेर आली. हातात अजून एक घडी घातलेली साडी. अक्का भिंतीपलीकडून आल्याच. "घंटा वाजते आहे की हो बाई!" "घंटेला काय कळतंय? नाही पडली! इल्ला अक्का, इल्ला!" आईने पदर खोचला आणि सुटली. निम्मं कानडी, निम्मं मराठी, मध्येच हातवारे. घंटा केकाटत होती, तिच्यावर आवाज चढवून दोघी भांडत होत्या आणि पोरं टाळ्या पिटत होती.

अशात त्या दिवशी कारखान्याची बसही लवकर येऊन बाबा फाटकाशी उभे. भिजलेले, हातात डबा. कोणाचं लक्षच नव्हतं. बाबा आईकडे बघत होते. तिला कानडी येतं हे त्यांना आत्ता कळत होतं.

मी धावत गेले. त्यांनी मला बघायचं काम दिलं होतं, आणि मला दिसलं होतं. "बाबा, गोटी अडकली! अडकली की आई येते!"

ते आत गेले, पक्कड आणि स्टूल घेऊन आले. मला वाटलं, आता भोक दुरुस्त करणार, आणि माझा जीव गेला. त्यांनी फळी स्टुलावर उलटी ठेवली आणि घंटेची तार तोडली. केवढी शांतता झाली! मग फळी सुलटी करून त्यांनी एक खिळा पकडीत धरला आणि वाकवला. पट्टीने मोजून ठोकलेला खिळा. ड्रॉइंगमध्ये केसाएवढा फरक ज्यांना खपत नसे ते माझे बाबा, दुसरा खिळा धरून आईला विचारत होते, "एवढा पुरे?"

आईने वाकून एक डोळा मिटून बघितलं. मग म्हणाली, "अजून थोडा वाकडा."

"स्वल्प," अक्का म्हणाल्या.

बाबांनी वाकवला. आईने फळीभोवती एक चक्कर मारली, भुवई चढवली. "हे स्टुलावर फार उंच होतंय. लहान पोरांना दिसत नाही." आत गेली. धडाधड काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि ती फरफटत ट्रंक घेऊन बाहेर आली. "ह्याच्यावर ठेवा."

बाबांनी ट्रंकेकडे पाहिलं. "रिकामी केलीस?"

"मग? भरलेली एकटीला हलते होय?" आई म्हणाली, आणि पितळी आणायला आत गेली.