प्रश्न उद्भवत नाही

साहेबांच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभा होतो. तिसरीत आमच्या गावचे तात्या, मांडीवर पाय टाकून साहेबांचा चहा पीत.

"हे घ्या भाऊसाहेब. तुमच्याच गावचा प्रश्न आलाय, विधानसभेतनं." साहेबांनी कागद ढकलला. वर लाल शाईत 'तातडीचे'.

सभागृहात आमदार विचारतात, मंत्री उत्तर देतात. पण मंत्र्यांना आमचा ओढा कुठला माहीत? म्हणून तो कागद मंत्रालयातून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून पंचायत समितीला, आणि तिथं अक्षर बरं म्हणून माझ्या टेबलावर. मी लिहितो, वरचे सह्या करत जातात. गावची जत्रा सोडून कधी माईक धरला नाही, पण मंत्र्यांच्या तोंडात शब्द घालणारा मीच.

कागदावर होतं : '(१) सदर गावातील ख्रिस्ती दफनभूमीचा रस्ता अडवल्यामुळे मृतदेह ओढ्याच्या पाण्यातून न्यावे लागतात, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

रस्ता तात्यांनीच अडवला होता. वाट नांगरून ऊस लावला. आणि ओढ्यातून गेलेला शेवटचा मृतदेह माझ्या आईचा. चार महिने झाले होते.

"पानी किती हुतं रे, पावलूच्या पोरा?" तात्यांनी विचारलं. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे.

"कमरेएवढं."

"तुझ्या कमरंएवढं म्हंजी मानसाच्या गुडघ्याएवढं."

साहेब हसले. मीही हसलो. हो, हसलो.

"आन् म्हातारी वाळून काडी झालती. काडी पान्यात तरंगती. उलट सोय झाली तुमची."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "लिहा. एक : हे खरे नाही. दोन व तीन : प्रश्न उद्भवत नाही."

मी लिहिलं. वळणदार. माझ्या अक्षराचं आईला फार कौतुक होतं.

आमच्या घरात गोष्टी सांगणारा मीच. लग्न असो, नाताळ असो, लोक भोवती बसतात. आईच्या मातीच्या दिवसाचीही गोष्ट मी सांगतो. धाकटा भाऊ सुप्याच्या कंपनीतून शिफ्ट सोडून आलेला, अंगावर युनिफॉर्म तसाच. पाळकसाहेब बायबल डोक्यावर धरून ओढ्यात उतरले, आणि पलीकडे गेल्यावर एकटं बायबल तेवढं कोरडं. इथं सगळे हसतात. मी इथंच थांबतो.

पुढचं सांगत नाही. मधोमध भावाचा पाय दगडावरून सुटला. पेटी कलली. पाणी आत शिरलं. पेटी माझ्या खांद्यावर होती, मी ते शिरताना ऐकलं. खड्ड्यात सोडताना फटींतून पाणी ठिबकत होतं. आई ओली गेली.

अधिवेशनात उत्तर छापून आलं. मंत्र्यांच्या नावावर. लेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिनं मोबाईलवर शोधून मोठ्यानं वाचलं. मग पुस्तकातलं म्हणून दाखवावं तसं म्हणाली, "मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. पप्पा, मग हे मंत्र्यांना कुणी सांगितलं?"

"असेल कुणीतरी कारकून."

तिनं मोबाईल ताटाशेजारी ठेवला. "आजी ओढ्यातनं गेली नाही, तर कुठनं गेली?"

मी ताटावरून उठलो. अख्ख्या राज्याच्या सभागृहात माझी आई खोटी ठरली होती, आणि ठरवणारं अक्षर माझं होतं. तात्यांनी नुसती वाट नांगरली. आईला मी नांगरलं.

पुढच्या अधिवेशनाला तोच प्रश्न पुन्हा आला. "मागचंच उतरवा," साहेब म्हणाले.

मी लिहिलं : '(१) होय, हे खरे आहे. शेवटचा मृतदेह माझ्या आईचा. पेटीचा पुढचा डावा कोपरा माझ्या खांद्यावर होता. पाणी कमरेएवढे होते. कंबर माझी. (२) चौकशी झालेली नाही. (३) विलंबाचे कारण : मागील उत्तर मी खोटे लिहिले.' खाली सही.

साहेबांनी वाचलं. "नोकरी किती राहिली, भाऊसाहेब?"

"नऊ वर्षं."

त्यांनी कागद फाडला. चार तुकडे, मग आठ. पण जावक रजिस्टरही माझ्याकडंच असतं. दुसरी प्रत, माझ्या सहीची, क्रमांक टाकून सकाळीच जिल्ह्याला गेली होती.

आता जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसत नाही. डबा ऐसपैस उघडता येतो. वाटेवर ऊस तसाच उभा आहे. तात्या एसटी स्टँडवर भेटले, प्रेमानं खांद्यावर हात ठेवला. "तुला बी कवातरी त्याच ओढ्यातनं जायचंय, लेका."

"जाईन," मी म्हणालो. "पण ते खरं हाय म्हनून लिवून जाईन."

काल 'कारणे दाखवा' नोटीस आली. शेवटचं कलम असं : 'आपण बिनशर्त माफीनामा सादर करण्यास तयार आहात काय?'

पेनात शाई भरली. अक्षर नेहमीसारखंच आलं, वळणदार.

प्रश्न उद्भवत नाही.