पट्टेवाल्यांची परदेशी गाडी

गाड्यांच्या कारखान्यात त्यांचं काम एकच, सीटचे पट्टे बसवायचे. म्हणून सगळे त्यांना पट्टेवाले म्हणत. या नावापायी त्यांचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. मुलीच्या आईला कुणीतरी सांगितलं, मुलगा पट्टेवाला आहे. आणि जावई साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून घंटीची वाट बघत असणार, अशी त्या बाईंची समजूत झाली. खुलासा झाला, लग्नही झालं, पण सासूबाईंच्या मनातून ते स्टूल काही पुरतं गेलं नाही.

कारखान्यात शेजारी शेजारी दोन लाइनी होत्या. एकीवर देशात विकायच्या गाड्या, दुसरीवर जहाजाने परदेशी जायच्या. नाव तेच, रंग तोच, तोंडावळा जुळ्या बहिणींसारखा. पण परदेशी निघालेलीच्या दारात जाड पोलाद, चहूबाजूंनी एअरबॅग, आणि मागे कुणी पट्टा न लावता बसलं की गाडी बोंब मारणार. घरच्या बहिणीला यातलं निम्मंसुद्धा नाही. तिला मोठा स्क्रीन आणि उघडणारं छप्पर. दोघींनाही रोज नटवून सासरी पाठवता पाठवता पट्टेवाल्यांचं डोकं फिरलं. एकदा त्यांनी साहेबांना गाठलंच.

"साहेब, तिकडच्या माणसाचा जीव तो जीव, आणि आपला काय पालापाचोळा?"

साहेब चहा पीत होते. "अहो, तिकडे कायदा कडक आहे. गाडी आपटून बघतात आणि निकाल पेपरात छापतात. आपलं गिऱ्हाईक शोरूममध्ये आल्या आल्या काय विचारतं? छप्पर उघडतं का! मागेल ते देतो आपण."

"मागायला त्याला माहीत तर पाहिजे!" असं म्हणून पट्टेवाले तणतणत परत गेले. गाडी घेईन तर त्या लाइनीवरची, नाहीतर बस आहेच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

योग असा, की परदेशातल्या एका व्यापाऱ्याने ऐनवेळी हात वर केले आणि काही गाड्या आवारात पडून राहिल्या. कंपनीने परवानग्यांचे सोपस्कार उरकून त्या कामगारांनाच विकायच्या ठरवल्या. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात पट्टेवाल्यांचं नाव निघालं. स्टीअरिंग सुदैवाने आपल्याच बाजूला होतं. फक्त गाडी बोलायची ती तिकडच्या भाषेत, आणि ती भाषा बदलायची सोय नव्हती.

गाडी बघायला बायकोचा धाकटा भाऊ आला.

"छप्पर उघडतं का, भाऊजी?"

"नाही."

"स्क्रीन केवढा? हा? मला वाटलं, साबण ठेवायची जागा आहे."

"दार लावून बघ!"

मेहुण्याने दार लावलं. तिजोरी बंद व्हावी तसा धप्प आवाज झाला. पट्टेवाल्यांची छाती फुगली.

"जड आहे हो फार," मेहुणा मनगट चोळत म्हणाला.

पहिल्याच रविवारी सगळे बायकोच्या मावशीकडे निघाले. पुढे नवराबायको, मागे सासूबाई आणि मेहुणा, मधल्या सीटवर मावशीसाठी घेतलेलं भलं थोरलं कलिंगड. गाडी सुरू होताच एक बाई तावातावाने बोलायला लागली.

"ही कोण?" सासूबाईंनी दचकून विचारलं.

"गाडी आहे, आई. पट्टा लावा म्हणतेय."

"मग नीट सांगायला काय होतं? मी हिचं काय घोडं मारलंय?"

सासूबाईंनी पट्टा लावला, मेहुण्याने कुरकुरत लावला, तरी बाई थांबेना. शेवटी पट्टेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वजनावरून गाडीने कलिंगडाला माणसात धरलं होतं. त्यांनी खाली उतरून कलिंगडाला पट्टा बांधला. बाई गप्प झाली.

मावशीला कलिंगड आवडलं, म्हणून पुढच्या रविवारी परत तीच वरात निघाली. या वेळी मेहुण्याने खिशातून एक चकचकीत कडी काढली. "बाजारात मिळते. पट्ट्याच्या खाचेत नुसती ही खुपसायची, की गाडीला वाटतं पट्टा लावला."

"बरं झालं बाई, कान किटले होते माझे," बायको म्हणाली.

पट्टेवाल्यांना आपल्याच घरात कुणीतरी ढकलून दिल्यासारखं झालं. सासूबाईंनी मात्र कडी हातात घ्यायलाही नकार दिला. "तिला फसवायचं? नको रे, तिला कळलं म्हणजे!" मेहुण्याने ती आपल्या खाचेत खुपसली. कलिंगडाला पट्टेवाल्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा बांधला.

वाटेत एक कुत्रं, रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखं, गाडीसमोरून निघालं. पट्टेवाल्यांनी करकचून ब्रेक दाबला. सासूबाई जागच्या जागी. कलिंगडही जागच्या जागी. मेहुण्याचं नाक पुढच्या सीटवर आणि चष्मा बहिणीच्या मांडीत.

सासूबाईंनी एकदा लेकाकडे आणि एकदा कलिंगडाकडे पाहिलं. "याला अक्कल जास्त आहे," त्या म्हणाल्या.

मेहुण्याचे डोळे उघडले. नाकाला पट्टी लावून तो शोरूममध्ये गेला. बरोबर भाऊजी आणि आई. "मला यांच्यासारखीच गाडी हवी."

"ती इथे मिळत नाही, सर," विक्रेता गोड हसला. "पण ही बघा." त्याने बटण दाबलं आणि छप्पर सरसर मागे गेलं.

"पट्टा नाही लावला तर मागे बसलेल्यांवर ओरडते का ही?" सासूबाईंनी विचारलं.

"छे हो आजी! अगदी शांत गाडी."

"म्हणजे मी आपटले तरी बोलणार नाही?"

विक्रेत्याने घाईघाईने सरबत मागवलं. तोवर मेहुणा सीटवर चढून छपरातून डोकं बाहेर काढून उभा होता. नाकाला पट्टी आणि चेहऱ्यावर राजाचा रुबाब. त्याने तीच गाडी घेतली.

"साहेब, तुमचं ते गिऱ्हाईक माझ्याच घरात निघालं," दुसऱ्या दिवशी पट्टेवाल्यांनी कबूल केलं. साहेबांनी आपल्यातला अर्धा चहा त्यांना दिला.

पण सासूबाईंना शोरूम आवडलं. बसायला गार हवा, वर सरबत. त्या मैत्रिणींना घेऊन जायला लागल्या. आधी या शोरूममध्ये, मग दुसऱ्यात. प्रत्येक गाडीत मागे बसायचं आणि एकच विचारायचं, "ओरडते का?" मैत्रिणींनी हाच प्रश्न आपापल्या मुलांच्या आणि जावयांच्या तोंडी घातला. विक्रेते वैतागून वर कळवायला लागले, की गिऱ्हाईक हल्ली मागच्या पट्ट्याचा आवाज मागतंय.

वर्ष सरता सरता घरच्या लाइनीवरही तो आवाज बसवायचा हुकूम आला. पट्टेवाल्यांनी घरी येऊन सासूबाईंना पेढ्यासारखी ती बातमी दिली.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "आणि ते दारातलं जाड पोलाद?"

"ते अजून नाही, आई."

त्यांनी चपला घातल्या आणि मैत्रिणीला फोन लावला.