नखवाला माल

आधीच सांगून ठेवते, हे लिहिताना माझं डोकं ठिकाणावर नाही. एका माणसाने माझ्या मामीच्या मालाला अकरा वर्षं चार नंबर म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या मानांमध्ये माझीही एक होती, म्हणून राग जास्त.

मामीची रबराची दोनशे दहा झाडं आहेत. खरं तर मामांची म्हणायला हवीत, कारण कागदावर मामा आहेत. पण मामा झाडांना ओळखत नाहीत आणि झाडंही मामांना ओळखत नसावीत. मामांचं काम एकच. सकाळी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांजवळ धरायचा आणि रबराचा भाव मोठ्याने वाचायचा, घरातल्या आजाऱ्याचा ताप सांगावा तसा. "आज पुन्हा उतरला गं!" मामी तोवर अर्धी बाग कापून आलेली असते.

कापणं म्हणजे झाड पाडणं नव्हे. ऊन चढायच्या आत वाकड्या पात्याच्या सुरीने सालीवर एक तिरकी रेघ काढायची, खाली वाटी लावायची, मग त्या रेघेतून चीक थेंब थेंब उतरतो. रेघ उथळ गेली तर चीक येत नाही. केसभर खोल गेली तर झाडाला जखम होते आणि तिथे गाठ धरते, ती कायमची. भाव पडला की आजूबाजूचे लोक खोल कापतात, रोज कापतात, मिळेल ते ओरबाडतात. मामीने एक दिवसाआड कापायचं कधी सोडलं नाही. "भाव त्यांनी पाडला," ती म्हणते, "झाडाने काय केलंय?"

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुढचं काम. चीक गाळायचा, पाणी आणि आम्ल घालून पसरट ट्रेमध्ये जमवायचा, मग ती थलथलीत वडी दोन रोलरमधून काढायची. पहिला रोलर गुळगुळीत, दुसरा रेघांचा. बाहेर येते ती शीट, पायपुसण्याएवढी. ती चार दिवस धुराच्या खोलीत टांगली की मधासारखी होते, आरपार बघता येईल अशी. मामीच्या शीटमध्ये बुडबुडा शोधून दाखवा, मी नोकरी सोडते.

पण त्या शीटवर एक नख होतं.

रेघांचा रोलर जुना घेतलेला. गाडीतून उतरवताना एक टोक मामीने धरलं होतं, दुसरं मामांनी. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी मामांना हाक मारली आणि मामांनी मोठ्या प्रेमाने हात वर केला. रोलर दगडावर पडला, कडेला बारीकसा टवका उडाला. तेव्हापासून प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात नखाने दाबावं तशी एक छोटी खूण उमटते. लेथवाला म्हणाला, खूण घालवायची तर सगळा रोलर घासावा लागेल, मग रेघाही जातील. नवा घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा नख राहिलं.

आता व्यापारी. त्याच्या दुकानात खिडकीपाशी एक उंच स्टूल आहे. त्यावर बसून तो शीट उजेडात धरतो आणि नंबर सांगतो. एक नंबर म्हणजे स्वच्छ, चार म्हणजे डागाळलेली, बुडबुड्यांची. दोहोंत किलोमागे जो फरक पडतो, त्यात घरातल्या चौघांना अंडी येतात. मामीची शीट तो उजेडात धरायचा, वर-खाली बघायचा, काही सापडायचं नाही. मग त्याचा अंगठा कोपऱ्यात जायचा.

"नख," तो म्हणायचा. "चार नंबर."

"शेठ, तो रोलरचा ठसा आहे. मालात खोट नाही."

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हात चांगलाच आहे. पण डाग तो डाग."

एकदा मामीने सगळ्या शीटचे कोपरे कात्रीने छाटून नेले. तर हा गृहस्थ काय म्हणाला असेल? "कड कापलेली आहे. चार नंबर." आणि वर हसला. ते हसू मी स्वतः पाहिलंय. मी तेव्हा कॉलेजात होते, मामीबरोबर गेले होते, आणि मीसुद्धा त्याच्याबरोबर हसले. काय करू, विनोद वाटला मला.

यंदा भाव आधी इतका पडला की मामांनी वाचायचंच सोडलं. मामीने दोन महिन्यांचा माल धुराच्या खोलीत साठवून ठेवला. मग एका सकाळी मामा चहाचा कप हातात तसाच धरून ओरडले, "चढला! अगं, चढला!" मामी शीटचा गठ्ठा घेऊन दुकानात गेली. व्यापाऱ्याने अंगठा कोपऱ्यात नेला.

"भाव चढलाय तो एक नंबरचा, वहिनी. चारला कोण विचारतं?"

मामी माल तसाच परत घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिने लाकूडवाल्या ठेकेदाराला बोलावलं. तो बागेतून फिरला आणि त्याने प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली मारली. पुढच्या मंगळवारी झाडं पडणार होती. सात वर्षं वाट पाहिली की रबराच्या झाडाला पहिला चीक येतो. या झाडांची सात वर्षं मामीनेच पाहिली होती. मला फोनवर एवढंच म्हणाली, "माझ्या हाताला एक नंबर येत नाही गं. किती वर्षं मारून मुटकून करायचं?"

मी शहरात एका मोठ्या रबर गोदामात कारकून आहे. वर काचेच्या खोलीत बसते, खाली मालाकडे फिरकत नाही. त्या शुक्रवारी खालचा माणूस रजेवर होता, म्हणून थप्प्या मोजायला मला पाठवलं. प्रतवारी करणारे काका तिथे गठ्ठे फोडत होते. एक गठ्ठा त्यांनी फोडला आणि न बघताच उजवीकडे सारला. उजवीकडे म्हणजे एक नंबर.

"काका, हा उजेडात नाही धरलात?"

"हा कशाला धरायचा? हा नखवाला माल." त्यांनी कोपरा माझ्यापुढे केला. "वर्षानुवर्षं येतोय. सुरुवातीला बघायचो, आता नाही बघत. कुणी केलाय देव जाणे, पण हाताला तोड नाही. नख दिसलं की थेट एक नंबर."

त्या कोपऱ्यावर माझ्या मामीचा रोलर होता.

"हा माल देतं कोण?" मी विचारलं. त्यांनी आमच्या व्यापाऱ्याचं नाव घेतलं. मी वर जाऊन त्याच्या पावत्या काढल्या. अकरा वर्षांत त्याने आम्हाला चार नंबरची एकही शीट विकली नव्हती.

मला रडू आलं नाही. मला त्या माणसाचं स्टूल ओढावंसं वाटलं. काकांनी एक कोपरा कापून त्यावर गोदामाचा एक नंबरचा निळा शिक्का मारून दिला, तो घेऊन मी संध्याकाळची बस पकडली.

मामी खूश होईल असं मला वाटलं होतं. ती तुकडा हातात घेऊन शेडच्या पायरीवर बसली. नखावरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "रोज माझ्या तोंडावर खोटं बोलत होता. आणि मी घरी येऊन माझ्याच हाताला शिव्या देत होते."

सकाळी ती दुकानात गेली. मी मागे. दुकानात रांग होती. मामीने तो तुकडा स्टुलासमोर ठेवला. "हा कितवा नंबर, शेठ?"

त्याने शिक्का पाहिला. चेहरा क्षणभर उतरला, पण माणूस मुरलेला. "वहिनी, गोदामात काय छापतात ते त्यांचं त्यांना माहीत. बरं, जुना संबंध आहे. आजपासून तुम्हाला तीन नंबर लावतो."

"मी भीक मागायला आले नाहीये! अकरा वर्षं तुम्ही याला डाग म्हणालात. सगळ्यांसमोर सांगा, कितवा नंबर?"

त्याने रांगेतला पुढचा गठ्ठा काट्यावर ओढला. मी काकांकडून एक गोष्ट विचारून आले होते: दोनशे किलो भरत असेल तर गोदाम कुणाचाही माल थेट घेतं. मामीकडे होता एकशे चाळीस. मी ते मोठ्याने बोलले. तेव्हा रांगेतल्या मामीमागच्या माणसाने आपला गठ्ठा काट्यावरून उचलला. "माझा साठ-सत्तर निघेल, ताई. मलाही चारच म्हणतो हा."

सोमवारी माल गोदामात गेला. काकांनी त्या माणसाच्या शीट एकेक करून उजेडात धरल्या, थोड्या दोनमध्ये टाकल्या, बाकी एकमध्ये. मामीच्या शीट न बघता उजवीकडे सारल्या. मामी ते बघत उभी होती. पावती मी टाइप केली.

आणि हा बाजार किती नालायक असतो बघा. त्याच सोमवारी भाव धाडकन आपटला. एक नंबरचे जे पैसे हातात आले, ते गेल्या आठवड्यातल्या चार नंबराइतकेच होते. मी काउंटरवर हात आपटला. मामीने पैसे न मोजताच पिशवीत टाकले, पावती मात्र दोनदा वाचली.

मंगळवारी ठेकेदार माणसं आणि करवत घेऊन आला, तेव्हा मामी बागेत होती. सुरीने बुंध्यावरच्या लाल फुल्या खरवडत होती. चाळीसेक झाडं झाली होती. इतक्या हलक्या हाताने, की रंग निघत होता आणि सालीतून चिकाचा थेंबही येत नव्हता.

"अहो बाई, भाव तर पडलाय ना?" ठेकेदार म्हणाला.

"पडलाय," मामी म्हणाली. "तुम्ही जा."

मामा मोबाइल खिशात घालून तिच्या मागे मागे फिरत होते. काहीतरी करून दाखवावं असं त्यांना फार वाटत असावं. "मी काय म्हणतो," ते म्हणाले, "आता तरी तो रोलर घासून आणू का? नख एकदाचं जाईल."

मामी गर्रकन वळली. सुरी हातातच होती.

"त्या रोलरला हात तर लावून बघा!"

मामा दोन पावलं मागे सरले, आणि ती पुढच्या झाडाकडे गेली.